आधी पेज, मग बेडी

नाव काय?

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांना पाणी द्यायचा दिवस. सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, नव्या घागरी भरून मांडल्या होत्या, तोंडाशी आंब्याची पानं खोचली होती, आत थोरली सून गोमती वड्यांची डाळ वाटत होती. वर्षाचा एवढा सण, पण घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांची नजर फिरून फिरून भिंतीतल्या एका देवळीकडे जात होती. तिथे पळसाच्या पानात बांधलेल्या पिवळ्या अक्षता परवापासून पडून होत्या. कोणी त्यांना हात लावला नव्हता, आणि फेकून देण्याची हिंमतही कोणाला झाली नव्हती.

अक्षता रूपलालकडून आल्या होत्या. रूपलाल या घरचा जावई, सुखवंताचा नवरा. पण त्याचं नाव इथे दोन वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. उल्लेख करायची वेळ आलीच तर ‘आमगाववाला’ म्हणत. बेचाळीस साली धाकट्या घनश्यामला पोलिसांच्या हाती त्यानंच दिलं, असं घरानं ठरवलं होतं. घनश्याम जेलातून सुटून आल्यापासून सुखवंताला अखजीला माहेरी आणायला गाडी गेली नव्हती. आता तिच्या थोरल्या पोरीचं लग्न याच आठवड्यात उभं राहिलं होतं, आणि मामानं हात धरून आणल्याशिवाय पोरगी मांडवात येत नाही, हा माळव्यातून इकडे आलेल्या या लोकांचा जुना नेम.

“मामाशिवाय पोरगी मांडवात येईल कशी?” रेवारामनं विचारलं. कोणा माणसाला नाही, घागरींना विचारल्यासारखं.

“चालत येईल,” घनश्याम म्हणाला. “पाय आहेत तिले.”

“तिनं का बिघडवलं तुझं?”

“तिच्या बापानं बिघडवलं. मी मरनाच्या दारात होतो, रेवाभाऊ. तू तिकडे अंग्रेजाची पलटन सांभाळून राहिला होता. तुले का माहीत?”

“अजी, सनाच्या दिवशी तरी,” आतून घनश्यामची बायको शामकला म्हणाली.

“तू चूप राय.”

या तिघा भावांची आई देवकाबाई खांबाआड बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. एक पान, त्यावर दुसरं, मध्ये काडी. तिनं मान वर केली नाही.

रेवाराम मधला. बर्माच्या लढाईवरून येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. अजून तो कुठेही बसला तरी पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून बसे. पोरं त्याची नक्कल करत. त्यानं मनाशी एकच गोष्ट धरली होती: या अखजीला गाडी आमगावला जाईल. लढाई जिंकून आलेल्या माणसाला एवढं तरी जमायला हवं.

कुठून आलास?

फौजेत रेवारामनं बंदूक कमी आणि माणसं जास्त सांभाळली. मराठी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी तो घरूनच घेऊन गेला होता, तिकडची बोली त्यानं वर्षभरात उचलली, म्हणून त्याला एका साहेबाच्या हाताखाली दिलं. काम एवढंच की हेर म्हणून पकडून आणलेल्या माणसासमोर बसायचं आणि साहेबाचे प्रश्न त्याच्या भाषेत घालायचे. नाव काय. कुठून आलास. कोणी पाठवलं. काय मिळालं.

चौथ्या प्रश्नावर साहेबाचा फार जीव. पैसा, अफू, बाई, यापलीकडे माणूस फितायचं कारण त्याच्या डोक्यात येत नसे.

एकदा नदीकाठचा म्हातारा नावाडी आणला. आपल्या तुकडीची उताराची जागा त्यानं जपान्यांना दाखवली होती, आणि ते तो नाकारतही नव्हता. साहेबानं त्याची झोपडी खणवली. सोनं नाही, नाणं नाही, फुटकी बाटलीसुद्धा नाही. साहेब चिडला. मग या माणसाला मिळालं काय? रेवारामनं त्या दिवशी प्रश्न आपल्या मनानं बदलला. त्यानं विचारलं, तू त्यांच्याकडे काय मागितलंस?

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाला, माझ्या दोन रेड्यांना हात लावू नका, एवढंच.

साहेब मोठ्यानं हसला. दोन रेड्यांसाठी! रेवाराम हसला नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आला असताना दारची जोडी गेली तर पुढे काय होतं, हे धानाच्या मुलखातल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हाताऱ्याला सकाळी घेऊन गेले. रेडे दुपारी आपल्याच तुकडीनं कापून खाल्ले.

तेव्हापासून रेवारामला वाटत आलं, की माणसानं काय घेतलं हे पाहून तो कळत नाही. त्यानं काय मागितलं ते पाहावं.

(आणि बूट. पहिल्याच पावसाळ्यात चिखलात बुटांचे तळवे सुटले आणि आतून पुठ्ठा निघाला. डाळीत खडे. तंबूला एका पावसात भोकं. सोबतचा एक नाईक म्हणायचा, जपानी समोरून मारतो, ठेकेदार पाठीमागून. सगळे हसत. रेवारामही हसे, पण मनातून चरकत असे, कारण त्याचा थोरला भाऊ मुन्नालाल ठेकेदार होता. बिरसीच्या विमानतळाच्या धावपट्टीला मुरूम त्यानं पुरवला होता. घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी रेवाराम पट्टीवर गेला आणि फौजी बुटाची टाच त्यानं सगळ्या जोरानं मुरमात मारली. टाच रुतली नाही. तो तिथेच उकिडवा बसला. जीव वाचल्याचा आनंद त्याला तिकडे कधी झाला नव्हता, तेवढा तिथे झाला.)

कोणी पाठवलं?

मुन्नालाल दुपारी गोंदियाहून सायकलवर आला. धोतराचा सोगा घामानं चिकटला होता, तरी चेहऱ्यावर हसू. अंगणातूनच बोलत आला.

“रेवा, काम बन गया समज. साहेब लोक जाऊन राहिले. पट्टीवरचे पत्रे, नळ, डांबराचे पिंप, तो मोठा रोलर, सब बिकणार. आन लढाईवरून आलेल्याले पयला हक. नाव तुझं, धावपळ माझी.”

“त्याच पट्टीखाली आपल्या बांध्या गेल्या, दादा.”

“गेल्या म्हनूनच तं! जमीन गेली, आता लोखंड तरी घरात येऊ दे.”

“नाव एकदा फौजेत दिलं. पुरे झालं.”

मुन्नालालचं हसू उतरलं. तो घागरींपाशी बसला. “तुझा राग का आहे माझ्यावर?”

“राग नाई. बूट आठवतात.”

“माझ्या पट्टीवर एक विमान घसरलं नाई. कोनालेही विचार.”

“माहीत आहे. टाच मारून पायली.”

“पाय गोमती,” मुन्नालाल आत तोंड करून ओरडला, “भावाचं काम टाच मारून पायते हा!” पण आवाजात दुखावल्यापेक्षा सुखावल्याचाच भाग जास्त होता.

रेवारामनं ती संधी धरली. “दादा, रोलर राहू दे. उद्या गाडी आमगावले नेऊ. आपण दोघं मामा जाऊ.”

मुन्नालालनं आईकडे पाहिलं. ते पाहणं इतकं झटकन झालं की दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. रेवारामच्या आलं. त्याची भाकरीच त्यावर चालली होती.

“घना म्हनेल तसं,” मुन्नालाल म्हणाला.

“घना का म्हनेल?” घनश्याम उसळला. “गद्दाराच्या मांडवात माझा भाऊ गेला तं गोंदियाच्या सभेत मी कोन्या तोंडानं उभा राहू? आन दादा, तू तं बोलूच नको. मी जेलात गेलो आन महिन्याभरात तुझ्या मुरमाच्या गाड्या सुरू झाल्या. मी काही विसरलो नाई.”

“मले कायले बोलते? घोडा ठान्यासमोर कोनाचा उभा होता? तूच सांगते ना सभेत!”

“मी ती गोष्ट कवा ऐकलीच नाई,” रेवाराम म्हणाला. “सांग ना, घना.”

घनश्याम उठून उभा राहिला. जेलातून सुटल्यापासून त्यानं ही गोष्ट गावोगावी सांगितली होती. नवं राज्य येऊ घातलं होतं, पुढच्या पंधरवड्यात त्याचा सत्कार ठरला होता. त्यानं सदरा सारखा केला. बोलू लागला तेव्हा त्याचा आवाजही सभेतला झाला.

“बेचाळीसचा भादवा! आमी तारा तोडल्या आन पसार झालो. फौजेनं दवंडी दिली, विमानाच्या मैदानाजवळ तारा तोडनारा काँग्रेसवाला नसते, जपानचा हेर असते. मी हेर! धानाच्या बांधीत जन्मलेला! मले आमगाववाल्यानं कचारगडच्या गुहेत नेऊन ठेवलं. जागा त्यानंच दाखवली, आन त्यानंच विकली. आदल्या दिवशी सालेकशाच्या ठान्यासमोर त्याचा घोडा लोकायनं डोळ्यानं पायला. म्हने बैल हरवले, तक्रार द्यायले गेलो होतो! सकाळी पोलीस आले. आन ठानेदाराची चाल पहा. शिवी नाई, दंडा नाई. पयले पेज पाजली, मंग बेडी घातली! असं हे अंग्रेजाचं राज, पेज पाजून गळा कापते!”

इथे सभेत टाळ्या पडत. सपरीत पडल्या नाहीत. आत पाट्यावरचा वरवंटा थांबला होता.

तीच गोष्ट, पुन्हा

“पेज कोनं पाजली, घना?”

“शिपायानं.”

“गुहेत चूल मांडली त्यायनं?”

“नाई. संगंच आनली होती. लोट्यात.”

“पोलीस डोंगर चढून पेज घेऊन आले.”

“सांगितलं ना, चाल होती.”

“मीठ होतं पेजेत?”

“होतं. तू का मले कैदी समजून राहिला का बे?”

“तुले तवा का झालं होतं?”

“हगवन. रगताची. पोटात अन्नाचा कन राहात नव्हता.”

“पेज राहिली?”

“राहिली.”

“ठानेदाराले कसं कळलं, तुले भाकर नाई, पेज लागते म्हनून?”

“आमगाववाल्यानं सांगितलं असंन.”

“त्याले माहीत होतं?”

“असंनच.”

“घना, त्याले माहीत होतं?”

“तो मले सोडून गेला, त्याच्या मंगच सुरू झाली. मंग तो आलाच नाई. बकारामच यायचा भाकर घेऊन.”

“आन बकाराम परत कुठे जायचा?”

“कुठे म्हंजे? इथं. सालदार आहे आपला, घरीच येईल.”

“नेलं कसं तुले?”

“बाजेवर. चौघायनं खांद्यावर.”

“ठान्यात?”

“पयले दवाखान्यात.”

काय मागितलं?

हा प्रश्न रेवारामनं विचारला नाही.

विचारायला तो तोंड उघडून बसला होता. पण पकडून आणलेल्या माणसासमोर बसणं सोपं असतं, तो आपला कोणी नसतो. इथे त्याला एकाएकी आपल्या चतुराईची किळस आली. सगळं समोर दिसत होतं. बक्षिसासाठी फितलेला माणूस पेजेत मीठ घाला म्हणून सांगत नाही. त्याला वाटलं, आता इथेच थांबावं. उठावं, बैलांना पाणी दाखवावं, आणि रूपलालनं हे केलं नाही एवढंच म्हणून गाडी जुंपावी. ज्यानं केलं त्याचं नाव न घेता निभलं तर निभू द्यावं.

“झालं तुझं?” घनश्याम म्हणाला. “का निघालं यातून? पोलिसाची शिळी पेज!”

“शिळी नव्हती,” देवकाबाई म्हणाली.

काडी पानातून आरपार झाली होती. तिनं ती काढली, पुन्हा सरळ खोचली.

“कोंबडं आरवायच्या आत उठून केली होती. शिपायाच्या हाती लोटा मी दिला.”

मुन्नालालनं डोळे मिटून घेतले. दारात गोमती आणि शामकला येऊन उभ्या राहिल्या होत्या, गोमतीचे हात डाळीनं भरलेले.

“माय,” रेवाराम म्हणाला, “राहू दे.”

“काऊन राहू दे? इतकं विचारून राहिला होता, आता ऐक.” तिचा आवाज चढलाही नाही, कापलाही नाही. “मुन्ना सांगत आला, गोरे शिपाई जंगलात उतरनार, हेर दिसला का गोळी. बकाराम सांगत आला, पोट्टा रगतात लोळून राहिला. मले दोन्हीकडून मेलेलाच दिसला. मी ठानेदाराच्या मागच्या दारी गेली. म्हनलं, जागा सांगते. पन हात लावायचा नाई, बाजेवर आनायचा, आन आधी ही पेज पाजायची. त्यानं देवाची आन घेतली. मंग मी सांगितलं.”

“गाडी मी हाकली,” मुन्नालाल जमिनीकडे पाहत म्हणाला.

कोणी विचारलं नव्हतं, तरी तो पुढे बोलला. “ठेका मी मागितला नव्हता, घना. तुझ्या पोराची आन.”

“पन आला,” घनश्याम म्हणाला.

“आला. ठानेदारानं शब्द टाकला असंन. मी ना म्हनलं नाई.”

घनश्याम अजून उभाच होता, भाषण मध्ये तुटल्यासारखा. बसायचं त्याला सुचत नव्हतं. “दोन वर्सं जेलात सडलो, माय.”

“जित्ता सडला, बापू.”

“सांगितलं काऊन नाई मले?”

“कवा सांगू? सुटून आला, गळ्यातला हारही काढला नाई आन या सपरीत म्हनाला, ज्यानं जागा सांगितली त्याचं मेल्यावरही तोंड पायनार नाई.” देवकाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “मी घाबरली. मंग एकाचं तोंड सोडनं भागच होतं. मी पोरीचं सोडलं.”

बाहेर आंब्याखाली पोरं भांडत होती.

देवकाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, खांब धरून. देवळीतल्या अक्षता घेऊन तिनं पदराच्या टोकाला बांधल्या.

“बकाराम,” तिनं अंगणात हाक दिली, “गाडी जुंप.”

“आत्याबाई,” गोमती पुढे झाली, “तुमी कुठं? आपल्यात लेकीच्या गावचं पानीसुदा चालत नाई.”

“आपल्यात बरंच काही चालत नाई, गोमती.”

घनश्यामनं वाट अडवली नाही, वाट दिलीही नाही. ती त्याच्या बाजूनं गेली. “मी येत नाई,” तो म्हणाला. ती थांबली नाही. मग तेच वाक्य पुन्हा, हळू, शामकलाकडे पाहून. शामकला आत गेली आणि पेटीतलं पिवळं लुगडं घेऊन आली. तिच्या स्वतःच्या लग्नातलं, घडी न मोडलेलं. ते तिनं गाडीत सासूच्या मांडीवर ठेवलं.

“मांडवात एक मामा लागते,” ती नवऱ्याला म्हणाली. “दोघं जाऊन राहिले.”

मुन्नालालनं सायकल भिंतीला लावली आणि गाडीत मागे चढला. गाडी हलली तेव्हा रेवारामनं वळून पाहिलं. घनश्याम घागरींसमोर खाली बसला होता. पितरांना पाणी अजून द्यायचं होतं, आणि द्यायला घरात आता तोच एक पुरुष उरला होता.

वाटेत

रस्ता धावपट्टीच्या कडेनं जातो. ऊन उतरायला लागलं होतं. जिथे विमानं उतरायची तिथे गावची गुरं बसली होती, त्यांना तो सपाट, कोरडा मुरूम आवडला होता. याच्याखाली त्यांच्या बांध्या होत्या. इथली माती मुन्नालालनंच दाबली, आणि चांगली दाबली.

साहेब ज्यावर जबाब लिहून घ्यायचा, त्या कागदाचा रेवाराम विचार करत होता. काय मिळालं हे लिहायला त्यावर जागा होती. काय मागितलं याला नव्हती. म्हाताऱ्या नावाड्याचं घर कुठे असेल? तिथेही कोणी त्याचं नाव घ्यायचं सोडलं असेल. तिथेही एखादा भाऊ सभेत उभा राहून सांगत असेल, की आमच्यातलाच एक फितला. लढाईत हेर किती होते हे रेवारामला कधीच कळलं नाही. मधोमध सापडलेली माणसं मात्र त्यानं पुष्कळ पाहिली.

देवकाबाई पुढे बकारामच्या पाठीशी बसली होती. मुन्नालाल रेवारामच्या कानाशी वाकला.

“गोरे शिपाई जंगलात उतरलेच नाई रे.”

“म्हंजे?”

“पट्टीवरच्या मुकादमानं सोडलेली गोष्ट. कामावरच्या लोकायले धाक बसावा म्हनून. मी खरी मानली आन घरी येऊन सांगितली. मले नंतर कळलं.”

रेवारामनं आईच्या पाठीकडे पाहिलं. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ती थोडी डावीकडे कलत होती आणि पुन्हा सरळ होत होती.

“मायले माहीत आहे?”

“नाई.”

“मंग ते आपल्या दोघायजवळच राहू दे,” रेवाराम म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “हगवन तं खरी होती.”

“हो,” मुन्नालाल म्हणाला. “ती खरी होती.”

कोणाकडे आलात?

रूपलालच्या अंगणात मांडवाचे खड्डे चालले होते. तो स्वतः सब्बल घेऊन खणत होता, जांभळीच्या हिरव्या डहाळ्यांचा ढीग बाजूला पडला होता. चार वर्षांत त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. गाडी ओळखली तशी सब्बल त्याच्या हातात वरच राहिली.

पाहुण्यांची गाडी दारात आली की घरच्यानं पुढे होऊन बैल सोडायचे असतात. तो पुढे झाला नाही. बकारामनंही जू खाली ठेवलं नाही. बैल जुंपलेलेच उभे राहिले.

देवकाबाई उतरली. अंगण सारवलेलं होतं, तिनं त्यावर पाय ठेवला नाही. कडेलाच उभी राहिली. दारात सुखवंता आली, हळदीचे हात तसेच पुढे धरून, आणि आईला पाहून चौकटीला टेकली.

“जवाईबापू,” देवकाबाई म्हणाली, “ठान्याच्या पुढच्या दारी तुमचा घोडा होता. तो गावानं पायला. मागच्या दारी माझी गाडी होती, ती कोनी पायली नाई. जागा मी सांगितली. तुमच्या माथ्यावर पडलं ते मी पडू दिलं.”

तिनं पदराची गाठ सोडून अक्षता हातात घेतल्या, पण त्यांचं काय करायचं ते तिला कळेना. त्या तळहातावर तशाच राहिल्या. डोक्यावरच्या झाडात एक पाखरू सारखं ओरडत होतं. रेवारामची नजर सवयीनं रूपलालच्या हातांवर गेली. सब्बल धरलेली बोटं आवळली, सैल झाली.

“बैल खरंच हरवले होते,” रूपलाल म्हणाला.

एवढंच. हे वाक्य त्यानं चार वर्षं कोणाकोणाला सांगितलं असेल, आणि प्रत्येकानं मान हलवून दुसरीकडे पाहिलं असेल.

“सापडले?” देवकाबाईनं विचारलं.

“एक सापडला.”

“दुसरा?”

“दुसरा नाई.”

तिनं मान हलवली. मग ती लेकीकडे वळली.

“पानी दे, सुखवंता.”

सुखवंता हलेना. तिनं आधी रेवारामकडे पाहिलं, मग मुन्नालालकडे. माहेरच्या थोरल्या माणसानं या घरचं पाणी प्यायल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं, तिच्या सासूनं नव्हतं, सासूच्या सासूनंही नव्हतं. ती आत गेली आणि पितळी लोटा भरून आली. लोट्यावर तिच्या बोटांची हळद उमटली होती.

रूपलालनं सब्बल खड्ड्यात उभी रोवली. तो देवकाबाईच्या बाजूनं गेला, तिच्याकडे न पाहता. गाडीपाशी जाऊन त्यानं एका बैलाच्या मानेवर तळहात ठेवला, दुसऱ्या हातानं गळ्याखालच्या जोत्याची गाठ सोडली. मग दुसऱ्याची. जू उचलून त्यानं खाली ठेवलं. बैल मान हलवत मोकळे झाले आणि जांभळीच्या डहाळ्यांकडे गेले. त्यांना कोणी हाकललं नाही.

देवकाबाईनं लोटा दोन्ही हातांनी धरला आणि तिथेच कडेला उभी राहून पीत राहिली. तळ दिसेपर्यंत. पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

“अजून?” सुखवंतानं विचारलं.

“दे,” ती म्हणाली.